सराव परीक्षेचा धाक आणि मुलांचा स्वतःवरचा विश्वास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी संपत आला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर दोन प्रकारच्या बातम्या शेजारी शेजारी दिसू लागतात. एका बातमीत अमुक विद्यालयात दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रेरणादायी व्याख्यान झाल्याचे सांगितलेले असते आणि तिचा निम्मा मजकूर व्यासपीठावरील मान्यवरांच्या नावांनी भरलेला असतो. दुसरी बातमी कॉपीमुक्त अभियानासाठी भरारी पथके सज्ज झाल्याची असते. या दोन बातम्यांच्या मधल्या जागेत जो विद्यार्थी बसलेला असतो, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. मी जळगाव जिल्ह्यात एकतीस वर्षे गणित शिकवले. सुरुवातीची वर्षे अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात आणि शेवटची अकरा वर्षे चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. परीक्षेची भीती मी मुलांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या उत्तरपत्रिकांवर अधिक पाहिली. निवृत्तीनंतर या साऱ्याकडे शांतपणे पाहताना माझे असे मत झाले आहे की, ही भीती घालवण्यासाठी म्हणून आपण शाळाशाळांतून जे करतो, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींनी ती वाढते.

काही वर्षांपूर्वीची एक उत्तरपत्रिका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दहावीची दुसरी सराव परीक्षा होती. विषय गणित भाग १, गुण चाळीस, वेळ दोन तास. अंकगणिती श्रेढीवरच्या एका साध्या उदाहरणाखाली एका मुलीने ‘दिलेले’ हा शब्द लिहून खोडला होता. त्याखाली पुन्हा ‘दिलेले’ आणि पुन्हा खाडाखोड. तिसऱ्यांदा लिहिताना बॉलपेन इतके दाबले गेले होते की कागद फाटून खालच्या पानावर वळ उठला होता. पुढचे दीड पान कोरे होते. ही मुलगी अभ्यासात मागे पडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात बसवले आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायला दिले. पहिले पद, सामान्य फरक, सूत्र, किंमती घालणे, बेरीज, सारे तिने पाच-सहा मिनिटांत नीट मांडून दाखवले. मग परीक्षेत काय झाले, असे विचारल्यावर खाली मान घालून ती म्हणाली, “मॅडम, माले घर समदं येस, आठे काहीच येत नही.”

घरी सगळे येते, इथे काहीच येत नाही. या ‘आठे’मध्ये काय दडलेले असते, हे समजून घेण्यासाठी मी पुढे मिळेल ते वाचत गेले. मानसशास्त्राने या प्रश्नावर बरेच काम केलेले आहे. लिबर्ट आणि मॉरिस या अमेरिकन संशोधकांनी १९६७ मध्ये परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग वेगळे केले. एक भाग शरीराचा, म्हणजे छातीत धडधड, तळहातांना घाम, पोटात गोळा. दुसरा भाग मनातल्या काळजीच्या बोलण्याचा, म्हणजे ‘मला हे येणार नाही’, ‘बाकीच्यांचे लिहून होत आले’, ‘घरी काय सांगू’ ही अखंड चाललेली बडबड. गुणांचे नुकसान मुख्यतः हा दुसरा भाग करतो, असे नंतरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले. कारणही समजण्यासारखे आहे. उदाहरण सोडवताना आकडे, सूत्र आणि पुढची पायरी तात्पुरती धरून ठेवण्याची मनाची जागा फार लहान असते आणि काळजीची बडबड तीच जागा अडवून बसते. माझ्या विद्यार्थिनीला श्रेढीचे सूत्र येत नव्हते असे नाही. ते मांडायला त्या दोन तासांत तिच्याजवळ रिकामा ओटा नव्हता.

आता ही बडबड कोणाच्या मनात अधिक चालते, हा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये जी कल्पना मांडली, ती इथे उपयोगी पडते. विशिष्ट काम आपल्याला करता येईल की नाही, याविषयी माणसाचा स्वतःचा जो अंदाज असतो, त्यावर तो त्या कामाला किती भिडतो आणि अडचण आल्यावर किती टिकतो हे बरेचसे ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. आपण ज्याला सरसकट ‘आत्मविश्वास’ म्हणतो, त्यापेक्षा हे वेगळे आहे, कारण हा विश्वास कामागणिक निराळा असतो. माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांच्या माघारी केळीच्या बागेचे पाणी एकट्याने सांभाळायचा. ठिबकचे कोणते व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचे, टाकीत कोणते खत किती प्रमाणात सोडायचे, हे तो गड्यांना बिनचूक सांगत असे. रात्री-अपरात्री वीज आली की उठून मोटार चालू करायला त्याला भीती वाटत नसे. तोच मुलगा प्रश्नपत्रिकेत शेकडेवारी हा शब्द पाहिला की पांढरा पडायचा. त्याला ‘आत्मविश्वास बाळग’ असे सांगण्यात काय अर्थ होता? आत्मविश्वास त्याच्याजवळ पुष्कळ होता. जीएसटीचे उदाहरण आपल्याला सुटते, एवढाच अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता. स्वतःच्या क्षमतेवर विश्वास कमी असलेल्या मुलांत परीक्षेची चिंता अधिक आढळते, हे पिंट्रिच आणि डी ग्रूट यांनी १९९० मध्ये सातवीच्या १७३ मुलांच्या अभ्यासातही नोंदवले आहे.

इथवर बहुतेक शिक्षकांना मान्य होईल. मतभेद होतो तो प्रेरणेच्या बाबतीत. मूल घाबरले आहे म्हणजे त्याला प्रेरणा कमी पडते आहे, असा आपला सर्वांचा समज असतो आणि म्हणून आपण वक्ते बोलावतो. राइनहार्ड पेक्रुन या जर्मन अभ्यासकाने २००६ मध्ये मांडलेला विचार या समजाच्या नेमका उलट जातो. त्याचा आशय माझ्या शब्दांत असा : एखाद्या गोष्टीचे मोल मनाला फार वाटते आणि ती आपल्या हातात आहे याची मात्र खात्री नसते, तेव्हा चिंता उपजते. मोलही नाही आणि खात्रीही नाही, अशा मुलाला चिंता नसते, त्याला कंटाळा असतो. शेवटच्या बाकावर निवांत बसणारी मुले आठवून पाहावीत. उलट मोल मोठे आणि खात्रीही पक्की असेल, तर त्या मुलाला परीक्षेची हौस वाटते. हे एकदा ध्यानात घेतले की आपल्या प्रेरणादायी व्याख्यानांत काय घडते, ते उघड दिसते. वक्ता मुलांना आईच्या हाताला कापूस वेचून पडलेल्या चिरा आठवायला सांगतो. बापाने पीककर्ज काढून भरलेली क्लासची फी तो आठवायला सांगतो. डोळे मिटायला लावून ‘निकालाच्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसेल’ असे विचारतो. निम्म्या मुली रडतात, मान्यवर डोळे पुसतात आणि कार्यक्रम यशस्वी झाला असे सर्वांना वाटते. त्या दोन तासांत परीक्षेचे मोल दुप्पट झालेले असते आणि वर्गसमीकरण जिथे अडले होते तिथेच असते. पणाला लागलेले वाढले, हातातले वाढले नाही. अशा मुलाला त्या रात्री झोप लागत नाही, यात नवल ते काय?

वक्त्यांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही आणि आम्ही शिक्षक त्यांच्याहून शहाणे होतो असेही नाही. ‘ही परीक्षा हुकली की आयुष्य हुकले’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारले असेल, याची मोजदाद नाही. इंग्लंडमध्ये डेव्हिड पुटवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेच्या संदर्भात शिक्षकांच्या नेमक्या अशाच बोलण्याचा अभ्यास केला. नापास झालात तर पुढे काय होईल, ही आठवण ज्या मुलांना धमकीसारखी वाटली, त्यांच्यात परीक्षेची चिंता अधिक आढळली. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत ही धमकी आणखी ठोस रूपात येते. “पास झाली तर पुढे शीक, नाही तर पाहुणे बघू,” हे वाक्य घरातून ऐकून आलेली मुलगी दरवर्षी माझ्या वर्गात एखादी तरी असे. तिची प्रेरणा कमी होती असे कोण म्हणेल? तिच्याइतका जीव तोडून अभ्यास करणारे वर्गात दुसरे कोणी नसायचे, आणि बाकावर तिच्याइतके हात थरथरणारेही दुसरे कोणी नसायचे.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेची जी विभागणी केली, तिचा उपयोग इथे होतो. काही काम माणूस त्यात गोडी वाटते म्हणून किंवा त्याचे महत्त्व स्वतःला पटले म्हणून करतो, तर काही काम शिक्षा, लाज किंवा बक्षीस यांच्या ओढीने करतो. दुसऱ्या प्रकारची ओढ खोटी नसते, तिने अभ्यासही होतो. पण तिच्या पाठीवर भीती बसून येते. गणिताची गोडी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात लावता येत नाही, हे मी कबूल करते. परंतु निदान त्या महिन्यात लाजेचे ओझे वाढवू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

या संदर्भात सराव परीक्षांबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मुख्य परीक्षेच्या आधी मुलाचा स्वतःवरचा विश्वास ठरतो तो तिथे. अनेक शाळांत एक अलिखित रीत आहे : सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका मुद्दाम अवघड काढायची आणि तपासणीही कडक करायची, म्हणजे पोरांना ‘झटका’ बसेल आणि ती अभ्यासाला लागतील. मीही हे केले आहे. एका वर्षी तर मी सराव परीक्षेचे गुण वर्गातल्या फळ्यावर चढत्या क्रमाने लिहिले, सर्वांत कमी गुणांचे नाव सर्वांत वर. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून माझ्या तासाला शेवटच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसू लागला आणि मुख्य परीक्षेत गणिताच्या दुसऱ्या पेपरला गैरहजर राहिला. त्याच्या वडिलांनी मला कधी दोष दिला नाही, ‘पोरगंच तसं होतं’ असे म्हणाले. मुलगा तसा नव्हता. तसा तो माझ्या फळ्यावर झाला. ज्याला झटका सोसण्याइतके आधीच येत असते, तोच झटक्याने अभ्यासाला लागतो, हे मला फार उशिरा कळले. उरलेल्यांना त्यातून एवढाच निष्कर्ष मिळतो की, वर्षभर जे केले त्याचा काही उपयोग नाही. तोही परीक्षेच्या तीन आठवडे आधी, जेव्हा तो खोटा ठरवायला वेळ उरलेला नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे शक्यतो टाळावे आणि त्यांना चारचौघांत लाजवू नये, असे शैक्षणिक संस्थांना, त्यातही शिकवणी वर्गांना, स्पष्टपणे सांगितले आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असेही त्यात आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या शहरांत ‘टॉपर बॅच’ आणि ‘रेग्युलर बॅच’ अशा पाट्या आजही लागलेल्या दिसतात. रेग्युलर बॅचमध्ये बसलेल्या मुलाला आपल्या क्षमतेविषयी काय सांगितले गेले आहे, ते वाचण्यासाठी त्याला मानसशास्त्राची गरज पडत नाही. समुपदेशकाबद्दल बोलायचे तर, धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या आश्रमशाळेला तो कधी मिळेल, हे सांगणे माझ्या आवाक्यातले नाही. तोपर्यंत हे काम वर्गशिक्षकाकडेच राहणार आहे.

मग वर्गशिक्षकाने काय करावे? क्षमतेवरचा विश्वास चार वाटांनी येतो, असे बंडुरा सांगतात : स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याला करताना पाहिल्याने, दुसऱ्याने सांगितल्याने आणि स्वतःच्या शरीराच्या खुणा वाचून. यांपैकी पहिली वाट सर्वांत भक्कम आहे आणि आपण सगळा भर तिसरीवर देतो. फळ्याच्या त्या प्रसंगानंतर मी पहिल्या वाटेसाठी एक साधा उपाय सुरू केला. प्रत्येक मुलाने शंभर पानी एक वेगळी वही ठेवायची. तिच्यात फक्त तीच उदाहरणे लिहायची, जी कोणाला न विचारता, पुस्तक मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः सुटली, शेजारी तारीख. मुलांनी तिला ‘जमेल वही’ असे नाव दिले; खरे तर ‘जमलेल्याची वही’ म्हणायला हवे होते, पण त्यांचे नाव अधिक चांगले होते. सुरुवातीला काहींच्या वहीत आठवड्याला एकच उदाहरण असायचे, तेही दोन चलांतील समीकरणाचे सर्वांत सोपे. मी तक्रार करीत नसे. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न आठ गुणांचा असतो आणि दुसऱ्या प्रश्नातल्या चौकटी पूर्ण करण्याच्या कृतींना चार गुण असतात. ज्याला आधी तेवढे बारा गुण आपले वाटू लागतात, तो पुढच्या प्रश्नाकडे निदान पाहतो तरी. डिसेंबरअखेर ज्या मुलाच्या वहीत साठ उदाहरणे जमली, त्याला ‘तुला येते’ असे सांगावे लागत नव्हते. त्याने नाही म्हटले, तर मी वही उघडून बोट ठेवत असे.

त्या वहीत एक अट मी फार कसोशीने पाळून घेतली, ती पुस्तक मिटण्याची. कारण खोटा विश्वासही असतो, आणि तो भीतीइतकाच घातक असतो. सोडवलेले उदाहरण गाइडमध्ये तीनदा वाचले की ते आपल्याला येते असे वाटू लागते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात हेच दिसले : उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्याला तो चांगला आठवेल असे वाटत होते, परंतु आठवड्यानंतर अधिक आठवला तो वाचन थांबवून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना. गाइड वाचून आलेला विश्वास परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत टिकतो, आणि प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर त्याच मुलाची अवस्था सर्वांत वाईट होते. म्हणून नुसता विश्वास वाढवा असे मी म्हणणार नाही. न येणाऱ्याला ‘तुला येते’ असे पटवणे ही फसवणूक आहे.

दुसऱ्या वाटेबद्दल थोडेच लिहिते. व्याख्यानाला येणारे अधिकारी किंवा मोठे डॉक्टर मुलांना आवडतात, पण ते त्यांना ‘आपल्यासारखे’ वाटत नाहीत. माझ्या शाळेत पावरा या आदिवासी जमातीतल्या एका मुलीने, जी आदल्या वर्षी गणितात नापास होऊन पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झाली होती, वसतिगृहातल्या मुलींना संध्याकाळी अर्धा तास आपण काय चुकलो आणि मग काय केले ते सांगितले. तिने एकही सुविचार सांगितला नाही. ‘मी आधी सगळ्यात शेवटचा प्रश्न वाचायची आणि घाबरायची, मग वाचणंच सोडलं,’ असे ती म्हणाली आणि मुली हसल्या. त्या अर्ध्या तासाचे मोल माझ्या लेखी कोणत्याही व्याख्यानाहून अधिक आहे.

शरीराच्या खुणांविषयी मुलांना कोणी काही सांगतच नाही. छातीत धडधडते म्हणजे आपण संपलो, असा अर्थ ते स्वतःच लावतात. अमेरिकेत जीआरई या प्रवेशपरीक्षेचा सराव करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना, ही धडधड कामाला मदतही करू शकते, एवढेच आधी सांगण्यात आले, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार गणितात त्यांचे गुण इतरांपेक्षा अधिक भरले. कुस्तीच्या फडात उतरणाऱ्या मल्लाचीही छाती धडधडते, हे आपल्या मुलांना समजावायला वेळ लागत नाही. आणखी एक प्रयोग मला शाळांनी करून पाहण्यासारखा वाटतो. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले की, परीक्षेआधी दहा मिनिटे आपल्या मनातली भीती कागदावर उतरवून काढलेल्या घाबऱ्या विद्यार्थ्यांनी, तसे न करणाऱ्या घाबऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगले गुण मिळवले. मी शेवटच्या दोन वर्षी सराव परीक्षेआधी हे केले. गुण किती वाढले हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते, पण ते कागद मी वाचणार नाही असा शब्द दिल्यावर मुलांनी ते चुरगळून केराच्या टोपलीत टाकले, तेव्हा टोपली भरून वाहिली.

प्रश्नपत्रिका पूर्वी दहा मिनिटे आधी वाचायला मिळत असे. मंडळाने २०२३ मध्ये ती सोय बंद करून तेवढा वेळ शेवटी वाढवून दिला. गैरप्रकार रोखण्यासाठी ते आवश्यक असेलही, पण घाबऱ्या मुलाला शेवटच्या दहा मिनिटांपेक्षा पहिली दहा मिनिटे अधिक उपयोगी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान सराव परीक्षेत तरी पहिली पाच मिनिटे पेन खाली ठेवून, ‘जमेल वही’त ज्या जातीचे उदाहरण आहे त्यावर खूण करण्याची सवय मुलांना लावता येईल.

आता कॉपीचा विषय, ज्याला आपल्या भागात टाळून पुढे जाता येत नाही. कॉपीकडे आपण शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहतो आणि तो तसा आहेच. परंतु केंद्राच्या कुंपणावर चढून चिठ्ठी फेकणारा काका आपल्या पुतण्याला मदत करत असतो, तेव्हा त्याच हाताने त्याला हेही सांगत असतो की, तुझ्याने हे होणार नाही. शब्दांनी विश्वास वाढतो तसा असल्या कृतींनी तो मोडतोही, आणि मोडण्याचे काम फार लवकर होते. नववीपासून ‘केंद्रावर बघून घेऊ’ असे ऐकत आलेल्या मुलाच्या केंद्रावर ऐन वेळी बैठे पथक येऊन बसले की जी भेदरलेली अवस्था होते, ती मी पर्यवेक्षक म्हणून अनेकदा पाहिली आहे. अशा मुलांपैकी काहींना लिहिता येण्याजोगे बरेच येत होते, पण आपल्याला येते का, हे त्यांनी कधी तपासूनच पाहिले नव्हते. पथकांच्या बातम्या छापताना या बाजूचाही विचार व्हावा.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. विश्वास कमी म्हणून गुण कमी, की गुण कमी पडत आले म्हणून विश्वास कमी? दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. शिवाय सगळी चिंता मनातून येत नाही. होळीच्या आधी पाड्यांवर भोंगऱ्या या आदिवासींच्या सणाच्या बाजारांची धामधूम असते आणि नेमके तेव्हाच पेपर असतात. गव्हाच्या काढणीला घरात माणूस कमी पडते. सकाळची एसटी चुकली तर केंद्र पंधरा किलोमीटरवर असते. घरी अहिराणी किंवा पावरी, वर्गात प्रमाण मराठी आणि सेमीच्या पुस्तकात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या चढून मूल प्रश्नापर्यंत पोचते. यांपैकी काही गोष्टी कोणत्याही वहीने सुटणार नाहीत. त्यांसाठी बस, वसतिगृह आणि शिक्षक लागतात. आणि ज्या मुलाची झोप व जेवण आठवडेच्या आठवडे उडाले आहे, जे जगण्याविषयी निराशेने बोलते, ते शिक्षकाच्या उपायांच्या पलीकडचे आहे. त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे; केंद्र शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा अहोरात्र चालू असते, हे प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लिहिलेले असावे.

मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती मर्यादित आहे. यंदाची शेवटची सराव परीक्षा मंडळाच्या काठिण्यपातळीचीच असावी, तिचे गुण फळ्यावर किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाहीर होऊ नयेत आणि उत्तरपत्रिका मुलांच्या हाती देऊन चुकलेली उदाहरणे त्याच वर्गात पुन्हा सोडवून घेण्यासाठी किमान आठ दिवस राखून ठेवावेत. व्याख्यान ठेवले नाही तर त्याचा खर्च वाचेल, त्यात वह्या येतील.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. निकालानंतर आपण नव्वद टक्क्यांच्या वरची छायाचित्रे पानभर छापता आणि ती मुले त्या कौतुकाला पात्रच असतात. यंदा त्या पानाच्या एका कोपऱ्यात, गेल्या वर्षी गणितात अडकून पुरवणी परीक्षेत सुटलेल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या चार-पाच मुलांना, त्यांच्या संमतीने, आपण नेमके काय केले ते त्यांच्याच शब्दांत लिहू द्यावे. अहिराणीत लिहिले तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव